कंबरदुखीची गोळी घेतली आणि आता झोप उडाली आहे (२६ वा आठवडा)

मधली_सुट्टी (धागाकर्ती)
सोमवार, रात्री ११:४०

पहिलंच बाळंतपण, २६ वा आठवडा चालू आहे. मागच्या बुधवारी कंबर अशी धरली की कुशीवर वळायचं तर आधी पलंगाची कड पकडायची, मग श्वास रोखायचा, मग वळायचं. सासूबाईंच्या गुडघ्यांच्या गोळ्या घरात असतातच. "साधी दुखण्याची गोळी आहे, घे" म्हणाल्या. घेतली. गुरुवार ते शनिवार, सकाळी एक, रात्री एक. म्हणजे सहा. फरक पडला, हेही खरं.

आज रिकामं पाकीट टाकताना मागची बारीक अक्षरं वाचली. डायक्लोफेनॅक ५० मिग्रॅ, पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ. नेटवर शोधलं तर पहिल्याच ओळीत "२० आठवड्यांनंतर टाळा". तेव्हापासून दर दहा मिनिटांनी बाळ हलतंय का ते बघतेय. (हलतंय. रोजच्यासारखंच.)

त्यात भर म्हणजे याच तीन दिवसांत डोकं दुखत होतं म्हणून पॅरासिटामॉल ५०० च्या दोन गोळ्या रोज वेगळ्या घेतल्या, कारण "ती चालते" एवढं माहीत होतं. सासूबाईंच्या गोळीतही तीच आहे हे माहीत नव्हतं.

डॉक्टरांची पुढची तारीख दहा दिवसांनी आहे. नवऱ्याला अजून सांगितलं नाही. सासूबाईंना तर नाहीच, त्या स्वतःला दोष देत बसतील. तारखेपर्यंत थांबू का? आणि यापुढे दुखलं तर घ्यायचं तरी काय?

निवडुंग
सोमवार, रात्री ११:५८

थांबू नका. सकाळी उठल्या उठल्या दवाखान्यात फोन करा आणि गोळीचं नाव, किती घेतल्या, कधी घेतल्या, सगळं सांगा. माझ्या वेळी मी ओशाळून एक गोळी सांगायचीच टाळली आणि दोन आठवडे उगाच जीव टांगणीला लावून घेतला. शेवटी सांगितलं तेव्हा डॉक्टर फक्त "बरं" म्हणाल्या.

नवऱ्याला आत्ता उठवा. झोपलाय म्हणून काय झालं.

औषधवाला
मंगळवार, सकाळी ७:१५

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे तुमच्या बाळाबद्दल काही सांगणार नाही, गोळ्यांबद्दल सांगतो.

आधी हिशेब. पॅरासिटामॉल रोजचं ३२५ च्या दोन आणि ५०० च्या दोन, एकूण १६५० मिग्रॅ. मोठ्या माणसाची २४ तासांतली कमाल मर्यादा ४००० मिग्रॅ, वजन ५० किलोच्या आत असेल तर त्याहून कमी. तुम्ही मर्यादेच्या बऱ्याच आत आहात. पण नकळत दोनदा घेतलं जाणं हीच या औषधाची खोड. सर्दीच्या गोळीत ते असतं, अंगदुखीच्या गोळीत असतं, तापाच्या पुडीत असतं, आणि प्रत्येक जण "मी एकच गोळी घेतली" म्हणतो. जास्त झालं तर यकृतावर येतं, आणि पहिला दिवस माणूस ठणठणीत दिसतो. म्हणून मर्यादा ओलांडली असं नुसतं वाटलं तरी त्रास व्हायची वाट न बघता दवाखाना गाठायचा. उतारा आहे, पण तो वेळेत लागतो.

प्रश्न डायक्लोफेनॅकचा आहे. आपण सगळ्यालाच "पेनकिलर" म्हणतो, पण घराणी दोन आहेत. पॅरासिटामॉल एकीकडे. दुसरीकडे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, मेफेनॅमिक अॅसिड, केटोरोलॅक ही सूज उतरवणारी मंडळी. ही शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होऊ देत नाहीत, म्हणून दुखणं थांबतं. पोटातल्या बाळाला मात्र तेच द्रव्य दोन ठिकाणी लागतं.

एक, मूत्रपिंडं. गर्भारपणाच्या उत्तरार्धात बाळाभोवतीचं पाणी म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच. मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी झाला की लघवी कमी, म्हणून पाणी कमी. दोन, हृदयाजवळची एक रक्तवाहिनी. बाळ अजून फुप्फुसांनी श्वास घेत नाही, म्हणून रक्त फुप्फुसांना वळसा घालून जावं यासाठी ही वाट उघडी असते. जन्मानंतर ती बंद व्हायची असते, आधी नाही. गंमत बघा, वेळेआधी जन्मलेल्या बाळांत ही वाट उघडी राहिली तर ती बंद करायला याच घराण्यातलं इंडोमेथॅसिन किंवा आयबुप्रोफेन देतात. बाहेर जे औषध, तेच आत अपाय.

पूर्वी मुख्य इशारा ३० व्या आठवड्यापासूनचा होता, या रक्तवाहिनीमुळे. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था) पाण्याच्या कारणाने तो २० व्या आठवड्यावर आणला. म्हणून "मला तर सातव्या महिन्यापर्यंत देत होते" असं कुणी म्हणालं तर ते खोटं बोलत नसतात.

त्याच सूचनेत असंही आहे की २० व्या आठवड्यानंतर हे औषध ४८ तासांपेक्षा जास्त घेतलं गेलं तर सोनोग्राफीत पाणी बघण्याचा विचार करावा. तुमचे तीन दिवस झालेत. म्हणजे फोन आजच. पाणी कमी निघालंच तर गोळी बंद केल्यावर बहुतेक वेळा ते पुन्हा वाढतं, हेही लक्षात असू द्या.

जुनी_छत्री
मंगळवार, सकाळी ९:०२

इतकं घाबरवायचं कशाला? आम्ही काही न घेता काढले नऊ महिने. सहन करायचं थोडं. औषध म्हटलं की काही ना काही पोटात जाणारच.

स्टेथो_बाजूला
मंगळवार, सकाळी १०:२०

बाळंतपणं करायचा व्यवसाय आहे, पण इथे कुणाला तपासत नाही, म्हणून हे नाव.

@जुनी_छत्री, सहन करण्याचीही किंमत असते. पहिल्या तिमाहीत अंगात ताप चढू देणं हे बाळाच्या मज्जारज्जूसाठी बरं नाही. रात्र रात्र न झोपलेल्या बाईचा रक्तदाब आणि मन कुठे जातं ते मी रोज बघते. पॅरासिटामॉल ताप आणि दुखण्यासाठी पहिली पसंती आहे ती याचसाठी. लागेल तेव्हा, लागेल तेवढं, कमीत कमी दिवस. ५०० ची एक पुरत असेल तर दोन कशाला? पुरली नाही तर दोन चालतील, दोन वेळांमध्ये चार ते सहा तास जाऊ द्यायचे. ४००० ही शेवटची रेघ आहे, रोज तिथवर जायचं नसतं. आणि दोन-तीन दिवस घेऊनही दुखणं हटत नसेल तर गोळी वाढवण्याऐवजी कशामुळे दुखतंय ते शोधायचं.

पाण्यात विरघळणाऱ्या फसफसणाऱ्या गोळ्या टाळा. एकेका गोळीत ४०० मिग्रॅच्या आसपास सोडियम असतं, ज्यांचं बीपी आधीच वर आहे त्यांना ते नको.

शंकेखोर
मंगळवार, दुपारी १:३३

पण पॅरासिटामॉलनेच ऑटिझम होतो ना? अमेरिकेत सरकारनेच सांगितलं. मग "पहिली पसंती" कशी? बायकोने चौथ्या महिन्यात दोन दिवस घेतली होती, तेव्हापासून आमच्याकडे हा विषय निघाला की घरात शांतता.

स्टेथो_बाजूला
मंगळवार, दुपारी २:४५

हा प्रश्न आता दिवसाआड येतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने तशी घोषणा केली, बरोबर. पण त्याच वेळी एफडीएने डॉक्टरांना जे कळवलं त्यात, काही अभ्यासांत संबंध दिसला असला तरी कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, असंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही लगेच सांगितलं की ठोस पुरावा नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी सल्ला बदललेला नाही.

आता "काही अभ्यासांत दिसला" म्हणजे काय ते बघा. पॅरासिटामॉल कोण घेतं? जिला ताप आहे, संसर्ग आहे, अर्धशिशी आहे. मग फरक गोळीचा की तापाचा की घराण्यातून आलेल्या कशाचा, हे वेगळं कसं काढणार? स्वीडनमध्ये जवळपास २५ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या, २०२४ साली प्रसिद्ध झालं. सरसकट बघितलं तेव्हा थोडासा फरक दिसला. मग एकाच आईच्या मुलांची आपसांत तुलना केली, एकाच्या वेळी गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी नाही. तो फरक गेला. आई तीच, घर तेच, आणि गोळीचा दोष उरला नाही.

दोन दिवस घेतलेल्या गोळीवरून घरात शांतता ठेवू नका. बायकोशी बोला.

पानगळ
मंगळवार, दुपारी ४:१०

थोडं अवांतर, पण घाबरून विचारतेय. मला १२ व्या आठवड्यापासून रोज रात्री ऍस्पिरिन दिलंय. वरचं वाचलं, ऍस्पिरिन पण त्याच घराण्यातलं ना? आज बंद करू?

स्टेथो_बाजूला
मंगळवार, दुपारी ४:१८

बंद करू नका! म्हणूनच लगेच लिहितेय.

तुम्हाला ते दुखण्यासाठी दिलेलं नाही. ७५ ते १५० मिग्रॅचा छोटा डोस प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गर्भारपणातलं धोकादायक बीपी, टाळण्यासाठी देतात. एफडीएच्या इशाऱ्यातही ८१ मिग्रॅच्या छोट्या डोसला सूट आहे. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत जास्त जोखमीच्या बायकांना रोज रात्री १५० मिग्रॅ दिलं, तर ३७ आठवड्यांच्या आत होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आलं. डोकं दुखलं म्हणून घेतात ती ३०० च्या पुढची ऍस्पिरिन वेगळी, ती स्वतःहून घ्यायची नाही. कधी थांबवायची ते तुमचे डॉक्टर सांगतील.

दुपारची_झोप
मंगळवार, संध्याकाळी ६:०५

मला दिवस राहिल्याचं कळायच्या आधी, चौथ्या-पाचव्या आठवड्यात, पाळी येणार म्हणून पोट दुखतंय असं समजून दोन आयबुप्रोफेन घेतल्या होत्या. आता १४ वा चालू आहे. कुणाला असं झालंय?

औषधवाला
मंगळवार, संध्याकाळी ६:४०

अर्ध्या जगाला. तेव्हा कुणाला माहीत असतं? सुरुवातीला ही औषधं आणि गर्भपात यांचा संबंध काही अभ्यासांनी दाखवला, काहींनी नाही, म्हणून जाणूनबुजून घेऊ नका म्हणतात. अजाणता घेतलेल्या दोन गोळ्यांवरून रडत बसण्यासारखं काही नाही. डॉक्टरांना सांगून ठेवा.

एका जोडगोळीबद्दल मात्र कडक सांगतो. संधिवाताच्या काही गोळ्यांत डायक्लोफेनॅकबरोबर पोटाला जपायला मिसोप्रोस्टॉल घातलेलं असतं. त्याने गर्भाशय आकुंचन पावतं. ती गरोदर बाईने एकही घेऊ नये. म्हणून म्हणतो, घरातल्या दुसऱ्याची गोळी "साधी" कधीच नसते. त्यात लोक पाकीट कात्रीने कापून दोन-दोन गोळ्या वाटून ठेवतात आणि नावाचा निम्मा भाग भलत्याच तुकड्यावर जातो. मागे एक जण "...फेनॅक" एवढंच लिहिलेला तुकडा घेऊन आला, हेच द्या म्हणून. कुठला फेनॅक?

अनुस्वार
मंगळवार, रात्री ९:२०

@मधली_सुट्टी, सगळे कंबरेचं बोलताहेत. मला तुमच्या डोकेदुखीचं विचारायचंय. किती दिवस दुखतंय? डोळ्यांपुढे काही चमकतं का? बीपी शेवटचं कधी बघितलं?

विचारतेय कारण ३४ व्या आठवड्यात माझं डोकं दुखायला लागलं. कपाळात, जड. पॅरासिटामॉल घेतली, तासभर बरं, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठी बोटातून निघेना. दुपारी टीव्हीच्या कडेला ठिणग्यांसारखं दिसलं, मला वाटलं टीव्हीच बिघडला. संध्याकाळी उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, ते अपचन समजले. मोठ्या बहिणीने फोनवर फक्त अंगठीचं ऐकलं आणि "आत्ताच्या आत्ता निघ" म्हणाली. तिथे बीपी १७०/११०. लघवीत प्रोटीन. त्या रात्री फिट येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सल्फेटची सलाइन लागली, अंगातून गरम वाफ निघतेय असं वाटत होतं, आणि दोन दिवसांनी सिझेरियन. मुलगा आता पाच वर्षांचा आहे आणि आत्ता माझ्या पाठीवर बसलाय.

गोळीने मला काही अपाय केला नाही. तिने फक्त तासभर बरं वाटवलं, आणि त्या तासाच्या भरवशावर मी दीड दिवस घालवला.

स्टेथो_बाजूला
मंगळवार, रात्री ९:३५

@मधली_सुट्टी, वरच्या प्रतिसादाचं उत्तर इथे देत बसू नका. २० आठवड्यांनंतरची नवी डोकेदुखी म्हणजे आधी बीपी, मग गोळी. १४०/९० किंवा वर असेल तर त्याच दिवशी दाखवायचं. १६०/११० असेल, किंवा डोळ्यांपुढे चमकतंय, बरगडीखाली दुखतंय, चेहरा-हात अचानक सुजलेत, तर रात्र असली तरी निघायचं.

कंबरेचंही तसंच. दुखणं कळांसारखं येतंय-जातंय, लघवीला जळजळ आणि ताप आहे, रक्त दिसतंय, पायात बधिरपणा आलाय, लघवीवर ताबा राहत नाही, यातलं एक जरी असेल तर ती कंबरदुखी गोळीची नाही, दवाखान्याची आहे.

मधली_सुट्टी
मंगळवार, रात्री १०:५०

सकाळीच फोन केला होता, उद्या दुपारी सोनोग्राफीला बोलावलंय. डोकेदुखीचं फोनवर सांगितलंच नव्हतं. अनुस्वार, तुमचं वाचून नवऱ्याने शेजारच्या काकांचं बीपीचं मशीन आणलं. ११८/७६. पाच मिनिटं बसून पुन्हा घेतलं, ११४/७४. चमकत वगैरे नाही. तरी उद्या सांगते.

हो, नवऱ्याला सांगितलं. सासूबाईंनाही. त्या अर्धा तास काही बोलल्या नाहीत, मग माझ्या पायाशी येऊन बसल्या.

काजवा_७
बुधवार, सकाळी ८:३०

मलम आणि जेल चालतं का? आणि मला अर्धशिशी आहे, रोज प्रतिबंधाची गोळी चालू होती, सध्या मूल हवं म्हणून प्रयत्न सुरू आहेत.

औषधवाला
बुधवार, सकाळी ९:१०

अर्धशिशीचं आधी, कारण ते तातडीचं आहे. ती रोजची गोळी व्हॅलप्रोएट किंवा टोपिरामेट असेल तर गर्भ राहण्याच्या आधी डॉक्टरांकडून बदलून घ्या. व्हॅलप्रोएट पोटात असताना मिळालेल्या दर दहांपैकी साधारण एका बाळात जन्मजात व्यंग असतं आणि तीन ते चार जणांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो. फिट्ससाठी चालू असेल तर स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांना भेटूनच. एर्गोटामिनची गोळी गर्भारपणात अजिबात नाही. पॅरासिटामॉलने भागलं नाही तर अर्धशिशीचा झटका थांबवणाऱ्या ट्रिप्टान गटात सुमाट्रिप्टानचा अनुभव सर्वांत जास्त आहे, तेही डॉक्टरांनी लिहून दिलं तरच.

डायक्लोफेनॅकचं जेल कातडीतून आत कमी जातं, पण जातं. शेवटच्या तिमाहीत नकोच, त्याआधीही विचारून. ज्या बामच्या डबीवर मिथाइल सॅलिसिलेट लिहिलंय ते ऍस्पिरिनचंच भावंड, अख्ख्या पाठीला चोपडायचं नाही. टॉवेलात गुंडाळलेली गरम पिशवी कंबरेला चालते. गरम पाण्याच्या टबात बसून सगळं अंग तापवणं नाही.

कोडीन आणि ट्रॅमाडॉल विचारायच्या आधीच सांगतो, ती अफूच्या जातीतली. डॉक्टर क्वचित थोडे दिवस देतात, पण शेवटी शेवटी घेतली तर बाळाला जन्मल्यावर श्वासाचा त्रास होऊ शकतो, आणि बरेच दिवस घेतली असतील तर औषध सुटल्याचा त्रास.

मधली_सुट्टी
बुधवार, संध्याकाळी ७:२५

आलो जाऊन.

पाणी १३. डॉक्टरांनी स्क्रीनवर चार ठिकाणी काळ्या पट्ट्या मोजून दाखवल्या, चारांची बेरीज १३ सेंटीमीटर, ५ ते २५ च्या मध्ये म्हणजे ठीक. बाळाने तेवढ्यात पाय झाडला आणि एक माप पुन्हा घ्यावं लागलं. दोन्ही मूत्रपिंडं आणि भरलेलं मूत्राशय दिसलं. दुसऱ्याचं मूत्राशय भरलेलं बघून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. या गोळ्या पुन्हा नाहीत, आठवड्याने एकदा पाणी परत बघू म्हणाल्या.

डोकेदुखीचं विचारलं तर त्यांचा उलटा प्रश्न, "कॉफी सोडलीत का?" मागच्या सोमवारी कुणीतरी घाबरवलं म्हणून दिवसाच्या चार कपांवरून एकदम शून्यावर आले होते. ते त्याचंच असावं. दिवसाला २०० मिग्रॅ कॅफिनपर्यंत हरकत नाही म्हणे. बीपी आणि लघवी दोन्ही ठीक.

कंबरेसाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे मला पलंगावरून उठायला लावलं आणि नुसतं बघितलं. मी एक पाय आधी खाली टाकत होते. ते चूक. दोन्ही गुडघे चिकटवून, त्यांच्यामध्ये उशी आहे असं समजून, अख्खं अंग ओंडक्यासारखं कुशीवर घ्यायचं, मग दोन्ही पाय एकदम खाली आणि हातावर जोर देऊन उठायचं. सलवार घालतानाही एका पायावर उभं राहायचं नाही, बसून घालायची. झोपताना गुडघ्यांमध्ये खरी उशी. आज दुपारी तसं करून बघितलं, कड पकडावी लागली नाही.

बाळंत झाल्यावर टाक्यांना काय घ्यायचं हेही विचारून आले. अंगावर पाजत असताना पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही चालतात म्हणाल्या, दुधात फार थोडं उतरतं. कोडीन, ट्रॅमाडॉल मात्र तेव्हाही नको.

सासूबाईंनी घरी आल्या आल्या मार्कर मागून घेतला आणि स्वतःच्या गोळ्यांच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "माझ्या".

औषधवाला
बुधवार, रात्री ८:०२

१३! छान.

डब्यावर नको, प्रत्येक पाकिटावर लिहायला सांगा. पाकीट डब्यात राहत नाही.